चोवीस तारखेला साडेचारच्या आत पोचा

मी पीत नाही, गाडी चालवते. त्यामुळे 'बसायला' कुठे जायचं याबद्दल आमच्या घरात माझा शब्द शेवटचा धरतात. काय खाल्लं, किती बिल झालं आणि परतताना कोण काय बोललं, हे दुसऱ्या दिवशी सकाळी फक्त मलाच आठवत असतं.

आम्ही गोव्यातल्या डिचोलीचे. दर नाताळात पुण्याहून माझ्या नणंदबाई, म्हणजे ताई, आणि त्यांचे यजमान, भाऊजी, येतात. भाऊजींची फर्माईश ठरलेली: पाण्याच्या काठावर हवं, शांत हवं, घरगुती हवं, पण जरा बरंही हवं. ताई मार्गशीर्षातले गुरुवार करतात, बाकी दिवशी सगळं चालतं, असा त्यांचा सोयीचा मार्गशीर्ष. २०२४ साली नाताळ बुधवारी आला आणि शेवटचा गुरुवार लगेच सव्वीसला, उद्यापनाचा. म्हणजे जे काय डुक्कर-कोंबडी व्हायचं ते पंचवीसच्या रात्रीपर्यंत उरकायचं होतं. सोमवार आमच्या घरी शिवराक, म्हणजे शाकाहारी. हाताशी राहिल्या तीन संध्याकाळी, आणि तीन जागा झाल्या.

पहिली जागा भाऊजींनी स्वतः फोनवरून शोधली होती. मांडवीच्या काठी, झाडांना गुंडाळलेले दिवे, फोटोत नदी सोनेरी. नाव घेत नाही, अशा दहा जागा आहेत आणि कोणालाही लागू पडेल. टेबलाचे पैसे आधी भरून घेतले. पोचलो तर दारात थर्माकोलचा बर्फ भुरभुरत होता. रात्री वीस-बावीस अंशाला माणूस कानटोपी शोधतो तो आमचा गोवा, तिथे बर्फ! वेटर पोरांच्या डोक्यावर लाल टोप्या, खाली घाम. ओहोटी लागली होती, त्यामुळे नदी दिसण्याऐवजी चिखलाचा वास येत होता. डीजे इतक्या जोरात की ताईंनी 'मीठ द्या' हे दोनदा हातवारे करून सांगितलं. पन्नास मिनिटांनी काफ्रेयाल आलं. हिरवं होतं, तेवढंच. काफ्रेयाल पोर्तुगीजांबरोबर आफ्रिकेतून आलं. कोथिंबीर, हिरवी मिरची, लसूण, मिरी यांचं वाटण कोंबडीला आतपर्यंत मुरायला लागतं. इथे उकडलेल्या तंगडीवर सँडविचची चटणी फासली होती. चार माणसांचं बिल पाच हजारांच्या वर. आमचे हे गाडीत बसताना म्हणाले, "नदीचं भाडं घेतलं." भाऊजी गप्प होते.

मंगळवारी, चोवीसला, मी सूत्रं हातात घेतली आणि सगळ्यांना दिवाडी बेटावर नेलं.

दिवाडीला जायला पाहुणे जुने गोव्याच्या धक्क्यावर गर्दी करतात. त्या वर्षी तर सायबाच्या (सेंट फ्रान्सिस झेवियरच्या) शवाचं प्रदर्शन चालू होतं, तिथे गाडी घालणं म्हणजे जत्रेत बैलगाडी घालणं. डिचोलीहून येणाऱ्यानं नार्वेला यावं. तिथून फेरीबोट पलीकडे दिवाडीच्या नार्वेला सोडते. नदीच्या दोन्ही काठांना एकच नाव, कारण सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ पलीकडे दिवाडीवर होतं. पोर्तुगीजांनी ते पाडलं तेव्हा देव नदी ओलांडून अलीकडे आला, आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी इथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. पुण्याचा माणूस बरोबर असेल तर या देवळासाठी अर्धा तास धरून चालावं. आम्ही पाऊण तास घालवला आणि तोच नंतर अंगाशी आला.

फेरीबोटीत पाच-सात मिनिटं. गाडीतून उतरून कठड्याला उभं राहा. फुकटचं नदीदर्शन तेवढंच, आणि तेवढं पुरतं.

आम्ही गेलो ती तावेर्न, म्हणजे गावातला घरगुती बार, कुठे आहे ते नेमकं सांगत नाही. पाटी नाही, आणि पात्रांवनं, म्हणजे मालकानं, बजावलंय. "फोटो घालूं नाका, मागीर पुण्याचे येतात," असं तो म्हणाला, तेव्हा पुण्याचे दोघे माझ्या शेजारीच बसले होते. दिवाडीवर पियेदादच्या टेकडीखाली, मळारकडे जाताना, अशा दोन-तीन जागा आहेत. खुणा सांगते: जुनं घर, मंगळुरी कौलं, पुढे बल्कांव (बसायची ओसरी), आणि बल्कांवच्या बाजूच्या खोलीला अर्धं दार. दारावर बांबूच्या कामट्यांचं आणि पतंगाच्या कागदाचं नखेत्र, म्हणजे नाताळची चांदणी. विकतचं नव्हे, एक कोपरा किंचित वाकडा असलेलं. आत तीन टेबलं, एक बाक, कपाटात बाटल्या, वर सायबिणीची (मेरीमातेची) तसबीर आणि तिच्यापुढे लाल बल्ब.

आम्ही पोचलो तेव्हा सव्वापाच झाले होते. पात्रांवनं पहिल्यांदा घड्याळाकडे बघितलं, मग आमच्याकडे.

"सात वरांचेर बंद हां, बाय. मिसाक वचपाचें."

हे लक्षात ठेवा. चोवीस तारखेला गावातली खरी तावेर्न रात्री उघडी नसते. चर्चमधली मिस्सा (प्रार्थना) मध्यरात्रीच्या सुमाराला असली तरी त्याआधी आंघोळी, नवे कपडे, घरातली माणसं, सोरपोतेलाला (डुकराच्या मांसाच्या कालवणाला) शेवटचा उकळा, हे सगळं असतं. जी जागा चोवीसला रात्री बारापर्यंत चालू, तिथे नाताळ तुमच्यासाठी मांडलेला असतो. जी सातला बंद होते, तिथे तो त्यांच्या घरचा असतो आणि तुम्ही मध्ये येऊन बसलेले असता. मला दुसरं आवडतं. पण त्यासाठी साडेचारच्या आत पोचा, आमच्यासारखं करू नका.

जेवणाच्या यादीचा प्रश्नच नव्हता. आंटी आतून म्हणाली, "आयज चडशें कांय ना. चोरीस, सुंगटां आनी तांतयां." म्हणजे डुकराची सॉसेजेस, कोळंबी आणि अंडी. चुलीवर घरचं सोरपोतेल होतं, ते विकायला नव्हतं. ते दोन-तीन दिवस आधी करून रोज गरम करतात. व्हिनेगर मुरला की त्याला चव येते, पहिल्या दिवशी खाण्यात अर्थ नाही. चोरीस मात्र आले. लाल मणी कांद्याबरोबर त्यांच्याच चरबीत परतलेले, आणि पाववाल्या पोदेरनं संध्याकाळी आणलेली पोयी. आमचे हे घरी डुक्कर खात नाहीत, म्हणजे माझ्या स्वयंपाकघरात खात नाहीत. फेरीबोटीपलीकडे त्यांचा धर्म सुटसुटीत होतो. भाऊजींनी पहिला घास खाल्ला, डोळ्यांतून पाणी आलं, दुसरा मागितला. सुंगटां लहान होती, पण गोड. मानशीतली, म्हणजे बांधाच्या दरवाजाशी जाळं लावून ओहोटीच्या पाण्याबरोबर धरलेली. वर नुसता रवा. मला चोरिसापेक्षा ती आवडली. आमलेट साधं होतं, त्याबद्दल बोलण्यासारखं काही नाही.

फेणीचं ऐकीव सांगते. पात्रांव फुगीर पोटाच्या काचेच्या गाराफांवातून पितळी मापाने ओततो. भाऊजींनी वास घेऊन चेहरा केला, नेहमीच करतात, आणि मग फोनमध्ये बघून सर्वांना वाचून दाखवलं की काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०१६ साली सरकारने तिला वारशाचं पेय ठरवलं. बाकावरचे दोन म्हातारे हे सगळं शांतपणे ऐकत होते. एक म्हणाला, "बरें. पूण पियेतलो केन्ना?" म्हणजे, पण पिणार कधी? पात्रांवनं बाटली हलवून वर आलेला फेण दाखवला, त्या फेणावरून नाव पडलं म्हणतात. मग त्यांना दुकशिरी दिली. फेणीत अनंतमुळाची मुळं घालून ठेवलेली असतात, रंग चहासारखा, वास सौम्य होतो. नवख्या माणसाला सरळ काजूची देण्याऐवजी हीच द्यावी, भाऊजींनी दोन घेतल्या. ती ४२ टक्क्यांच्या आसपासची दारू आहे, सरबत नव्हे, हे त्यांना फेरीबोटीत कळलं. आणि डिसेंबरात हुर्राक, म्हणजे पहिल्या धारेची काजूची दारू, मागू नका. ती मार्च ते मे या काजूच्या दिवसांतली. 'ताजी हुर्राक' म्हणून नाताळात कोणी ओतत असेल तर उठून या.

मी आमसुलाचा सोडा घेतला. मीठ जरा जास्त होतं.

आता पाण्याचं. भाऊजींनी विचारलंच, "नदी कुठे आहे?" तावेर्नच्या मागेच खाजणाचा बांध आणि पलीकडे खाडी. पण त्या बाजूच्या एकुलत्या खिडकीला फ्रीज लावलेला. ताई खुर्चीवरून पडेपर्यंत हसल्या. जन्मभर पाण्याकाठी राहणाऱ्याला पाणी बघायचं नसतं. त्याला डास आणि खारा वारा बाहेर ठेवायचा असतो. मी आंटीला विचारलं तर तिने मागचं दार उघडून दिलं. चार पायऱ्या, मग बांध. सहा वाजून गेले होते, सूर्य नुकताच बुडालेला, खाजणात बगळे, पलीकडे कांदळाची काळी रेघ. बल्ब नाही, गाणं नाही. आम्ही दोघी पायरीवर बसलो. ओडोमॉस मात्र न्या, दहा मिनिटांत घोटे सुजतात.

बायकांना तिथे चालतं का, हा प्रश्न मला मैत्रिणी विचारतात. पहिली दहा मिनिटं सगळे तुमच्याकडे न बघण्याचा फार प्रयत्न करतात. मग म्हाताऱ्यांपैकी एकाने बाकावरची पिशवी उचलली, "हांगा बस, बाय," म्हणाला, की झालं. संडास परसात आहे, स्वच्छ होता, पण कडी नाही. ताईंच्या वेळी मी दाराशी उभी राहिले, माझ्या वेळी त्या. पैसे रोख. चौघांचे मिळून आठशेच्या आत झाले, आणि पात्रांवनं हिशेब पेन्सिलीने चुरमुऱ्याच्या पुडीच्या कागदावर केला.

खोलीच्या कोपऱ्यात गोठा मांडला होता. मेरी, जोझे, मेंढरं, आणि भोवती हिरवंगार. बारा-पंधरा दिवस आधी नाचणी पेरून उगवलेली. ताई वाकून बघत राहिल्या. "अगं, हे आपले घट," म्हणाल्या. पाळणा अजून रिकामा होता, जेझू मध्यरात्रीनंतर ठेवायचा. निघताना आंटीने स्टीलच्या डब्यात नेवऱ्या (करंज्या), नारळाचं दोदोल आणि चण्याच्या डाळीचं दोस घालून दिलं. पैसे घेतले नाहीत. चवथीला आमच्याकडून शेजारच्यांकडे नेवऱ्या जातात, नाताळात त्यांच्याकडून येतात, पण इथे तर आमची ओळख दीड तासाची होती. दोदोल उत्तम, तूप सुटलेलं नव्हे, खोबरेलाची चमक असलेलं. नेवऱ्यांचं पुरण माझ्या सासूबाईंच्या हातचं बरं, पण ते मी तिथे बोलले नाही.

सातला पाच कमी असताना पात्रांवनं फडक्याने टेबलं पुसली, अर्धं दार लावलं आणि "बोरीं फेस्तां" म्हणाला. म्हातारे आधीच सायकल ढकलत गेले होते. शेवटच्या फेरीबोटीची वेळ उतरतानाच धक्क्यावर विचारून ठेवा, बेटावर टॅक्सी मिळेल या भरवशावर राहू नका.

तिसरी जागा पणजीची. पंचवीसच्या रात्री, फोंताइन्हासमधला जोसेफ बार. इथे पाणी नाही, आणि आता तो गुपितही राहिलेला नाही. जागा कपाटाएवढी, त्यामुळे लोक ग्लास घेऊन गल्लीतच उभे असतात. फेणीत आमसूल घालून करतात ते लालभडक पेय यांनी आणि भाऊजींनी घेतलं, दोघे खूश. मला गल्ली आवडली: रंगीत घरं, प्रत्येक खिडकीत नखेत्र. पण गर्दीत माझे पाय दुखले आणि पार्किंग पार पाटोच्या पुलाकडे मिळालं. तरुण असाल तर जा. दक्षिणेकडे असाल तर साळ नदीच्या तोंडाशी, बेतूलकडे, शिनाण्या या शिंपल्यांसाठी जा. तिथली संध्याकाळ आमच्या यादीत पुढच्या वेळी.

सव्वीसला सकाळी ताईंनी उद्यापनाची पूजा मांडली. डबा घासून ओट्यावर पालथा घातला होता, तो सरळ करून त्यात काय घालून परत द्यायचा यावर आमची चर्चा झाली. डबा रिकामा पाठवायचा नसतो आणि संक्रांत चौदा जानेवारीला, म्हणून तिळाचे लाडू ठरले. भाऊजी पेपरमागून म्हणाले की जागा चांगली होती, फक्त खिडकीतला फ्रीज हलवायला हवा आणि एक पाटी लावायला हवी.

ताईंनी माझ्याकडे बघितलं. "पुढच्या वर्षी," त्या हळूच म्हणाल्या, "यांना पुण्यातच ठेवून येते."