बॉनेटची केबल तुटली: तार जोडावी की अख्खी केबल बदलावी?

जुन्या गाडीत बॉनेटचं हँडल ओढल्यावर पुढून 'खट्' आवाज आला नाही आणि हँडल सैल पडलं, की केबल गेली हे कळतंच. ग्रिलमधून हात घालून किंवा खालून कसंबसं बॉनेट उघडल्यावर खरा प्रश्न सुरू होतो. तुटलेल्या इनरला, म्हणजे आतल्या तारेला, स्क्रूचा निपल (तारेचं टोक स्क्रूने आवळून धरणारी छोटी धातूची गुंडी) लावून तीच केबल चालवायची, की इनर आणि आउटर, म्हणजे तारेवरची नळी, यांसकट नवी टाकायची? मी एकाच गाडीवर आधी पहिला उपाय केला आणि काही महिन्यांनी दुसरा, म्हणून दोन्हींबद्दल लिहितो.

कुठलाही मार्ग घ्या, पण केबल काढल्यावर आधी लॉक तपासा. बॉनेट उघडंच ठेवून स्क्रू ड्रायव्हरने लॉकचा खटका बंद स्थितीत दाबा आणि लॉकचा छोटा दांडा हाताने सरकवा. खटका सहज सुटला पाहिजे. माझा सुटत नव्हता. रेडिएटरच्या वर, ऐन धुळीच्या आणि पाण्याच्या मार्‍यात बसलेलं ते लॉक. आतलं जुनं ग्रीस मातीत मिसळून मेणासारखं घट्ट झालं होतं. त्यामुळे हँडलला दर वेळी जास्त जोर लागत होता आणि तो सगळा ताण तारेवर येत होता. माझ्या मते केबल तुटण्याचं मूळ तिथेच होतं. लॉक मी बदललं नाही. ब्रशने घासून, गंज सोडवणारा स्प्रे मारून, पुसून नवं ग्रीस लावलं. नुसता स्प्रे मारून सोडू नका, तो उडून जातो आणि लॉक पुन्हा कोरडं पडतं.

आता निपल. तार बहुतेक वेळा टोकाशीच तुटते, जिथे ती दर ओढीला वाकते तिथे. तुमची तार हँडलच्या बाजूने तुटली असेल आणि उरलेली स्वच्छ असेल, तर हा उपाय वाईट नाही. डॅशबोर्डखालची पट्टी काढायची, तारेचं टोक निपलमध्ये घालून स्क्रू आवळायचा. माझं काम अर्ध्या तासात झालं आणि पहिले काही आठवडे तक्रार नव्हती.

मग त्रास सुरू झाला. हँडलची चाल मुळात थोडी असते. स्क्रूखाली तार दर ओढीला केसभर सरकते, तिचे पेड चपटे होतात, आणि तेवढी चाल ढिलाईत जाते. अशा वेळी हँडल पूर्ण ओढूनही लॉक काठावर अडतं. कुणीतरी पुढे उभं राहून बॉनेट खाली दाबलं तरच सुटतं, कारण खालची रबरं आणि स्प्रिंग बॉनेटला सतत वर रेटत असतात आणि तो भार खटक्यावर असतो. घरचं माणूस सोबत असेल तेव्हा ठीक. मी एकदा एकटाच असताना तापमानाचा काटा वर चढला. गाडी कडेला घेतली, इंजिन निवू दिलं, हँडल ओढलं, आणि बॉनेट जागचं हलेना. ओढायला आत बसायचं तर दाबायला बाहेर कोण? शेवटी हँडल ओढून त्याच्या मागे पान्याची दांडी अडकवली, पुढे येऊन तळहाताने बॉनेट दाबलं, तेव्हा सुटलं. ही युक्ती लक्षात ठेवा, वेळेला कामी येते. पण मला निर्णयाला तेवढं पुरलं.

अख्खी केबल टाकणं सोपं नाही, हेही मान्य करतो. माझा जवळजवळ दिवस गेला. सगळ्यात जिकिरीचं ठिकाण म्हणजे पेडलच्या वर, फायरवॉलमधलं, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातलं, भोक. तिथे मान वाकडी करून झोपूनच काम करावं लागतं. जुनी केबल ओढून काढण्याआधी तिच्या टोकाला मजबूत दोरा बांधा. केबल निघते, दोरा तिच्या वाटेत राहतो, आणि नवी त्यालाच बांधून आत ओढता येते. भोकातलं रबर नीट बसवा, नाहीतर पावसाचं पाणी पायाशी येईल. आउटर कुठेही तीव्र वळू देऊ नका. आणि विकत घेताना जुन्या केबलशी लांबी आणि दोन्ही टोकं जुळवून पाहा.

भंगारातल्या गाडीची केबल स्वस्त पडते, पण तीही आपल्याच केबलइतकी म्हातारी असते. मी त्या वाटेला गेलो नाही.

लॉक बदलावं का, हे गाडीगणिक ठरेल. खटक्याची कड झिजली असेल किंवा स्प्रिंग मेली असेल तर बदलाच; सोडण्याआधी बोल्टभोवती मार्करने खुणा करा, म्हणजे बॉनेट पुन्हा सरळ बसेल. बोटाने सोडायचा दुसरा हूक आपोआप जागेवर येत नसेल, तर तिथे तडजोड नको. पहिला खटका धावत्या गाडीत सुटला, तर बॉनेट काचेवर आदळण्यापासून वाचवणारा तो एकटाच असतो.

काहीही बसवा, बॉनेट लगेच आपटून बंद करू नका. उघडं असतानाच स्क्रू ड्रायव्हरने खटका दाबा, आतून हँडल ओढा, सुटतो का पाहा. मी चार-पाच वेळा केलं, मगच बॉनेट खाली आणलं. नव्या केबलवर हँडल आता दोन बोटांनी ओढलं जातं. गाडी लवकरच विकायची असेल किंवा वाटेतच अडकला असाल तर निपल लावायला माझी हरकत नाही. माझाही तो निपल पान्यांच्या पिशवीत अजून ठेवलेला आहे.