अरबी शिकायची, पण कोणती? मक्तबातली, पुस्तकी की आखाती

विदर्भातल्या खेड्यात बसून अरबी शिकायची म्हटलं की तीन वाटा दिसतात: मशिदीतला मक्तब म्हणजे कुरआन वाचायला शिकवणारा वर्ग, 'फुसहा' म्हणजे पुस्तकी अरबी, आणि आखातात बोलतात ती बोली. तिन्हींना अरबीच म्हणतात, तिथंच घोळ होतो.

मक्तबात 'नूरानी कायदा' ही अंकलिपी घेऊन अक्षरं आणि उच्चार घोटून घेतात. लिपीसाठी यापेक्षा स्वस्त नि चांगली सोय गावात नाही. पण तिथला हेतू कुरआन वाचता येणं हा. अर्थ आणि संभाषण बहुधा नसतंच. वर्षभर बसलेल्यालाही पाणी मागता येईलच असं नाही. मोठ्या माणसाला बसायचं असेल तर मौलानांना आधी विचारावं.

फुसहा ही बातम्यांची, कार्यालयांची, करारांची भाषा. अनुवाद किंवा शिक्षकी करायची असेल तर हीच. राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषदेचा एक वर्षाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे. जवळचं केंद्र कुठलं ते आधी पाहा. घाई असलेल्यानं मात्र इकडं फिरकू नये. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षणसंस्था इंग्रजी भाषकांना अरबीसाठी सुमारे 2200 तास धरते.

ड्रायव्हर, मिस्त्री, स्वयंपाकी म्हणून कुवेत-दुबईला जायचं असेल तर बोलीच घ्या. फरक किती? 'कसा आहेस' हे फुसहात 'कैफ हालुक', आखातात 'शलोनक'. 'मला हवंय' हे 'उरीद', तिकडं 'अबी' किंवा 'अबगा'. 'आत्ता' म्हणजे 'अल-आन', बोलीत 'अलहीन'. देशागणिकही बदल आहे: 'काय?' ला कुवेतात 'शिनू', अमिरातीत 'शू', सौदीत 'एश'. म्हणून व्हिसा कुठला ते ठरल्यावरच शब्द पाठ करा. बाईला विचारताना 'शलोनक'चं 'शलोनिच' होतं. 'तू आलास, तू आलीस' म्हणणाऱ्याला यात अवघड काही नाही.

बोली शिकणारे लिपी टाळतात आणि तिथंच फसतात. सौदीत करार दोन भाषांत असला तरी कायदा अरबी मजकूरच खरा धरतो. सही करायच्या कागदावरचा पगाराचा आकडा तरी स्वतःला वाचता आला पाहिजे. त्यांचा 5 आपल्या शून्यासारखा गोल, शून्य म्हणजे नुसता ठिपका, आणि 6 इंग्रजी 7 सारखा. आकडे मात्र डावीकडून उजवीकडेच वाचायचे, अक्षरं उजवीकडून.

अक्षरं 28. रोज पाऊण तास दिला तर महिन्याभरात ओळख होते, पण गटानं घ्या. बा, ता, सा यांचं अंग एकच: बा ला खाली एक ठिपका, ता ला वर दोन, सा ला वर तीन. ठिपका हलला की शब्द बदलला. शब्दात अक्षर सुरुवातीला, मध्ये, शेवटी वेगळं दिसतं. अलिफ, दाल, ज़ाल, रा, ज़ा, वाव ही सहा पुढच्या अक्षराला जोडली जात नाहीत. तिथं तुटलेलं दिसलं की नवशिका नवा शब्द समजतो. आणि एरवीच्या छापील मजकुरात ऱ्हस्व स्वरांच्या खुणा बहुधा नसतात, ते अंदाजानं भरायचे.

वहीत देवनागरीत उच्चार लिहून पाठ करू नका. आपल्या 'ह' मध्ये त्यांचे दोन, 'क' मध्ये दोन, 'त' मध्ये दोन मावतात. एका 'क'नं 'कल्ब' म्हणजे हृदय, दुसऱ्यानं कुत्रा. हा फरक वहीत नाही, कानातच उतरतो. तेव्हा ध्वनिफिती ऐका. गावात नेट रांगत असेल तर बाजारच्या दिवशी तालुक्याला गेल्यावर आठवड्याचे धडे फोनमध्ये उतरवून आणा.

उर्दू शाळेत शिकलेल्यांची लिपी अर्धी तयार असते, तेवढा महिना वाचतो. पण त्यांनी ज़ाल, ज़ा, दाद, ज़ो हे चारही सरसकट 'ज़' म्हणायची सवय आधी मोडावी, आणि 'व' दातांनी नाही, ओठांनी म्हणावा. 'प', 'च', 'ग' ही अक्षरं फुसहाच्या लिपीत नाहीत; दुकानावर 'पेप्सी'चं 'बेब्सी' असंच लिहिलेलं दिसेल.