साल्हेरची दिवसभराची चढाई : वाघांबे गावातील वाटाड्याच्या सेवेबद्दल

माघ सरत आला असताना साल्हेरचा माथा गाठायचा असेल, तर शहरातून बस भरून निघणाऱ्या सहलीऐवजी पायथ्याच्या वाघांबे गावातील वाटाड्या आणि त्याच्याच घरचे जेवण घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. साल्हेर १५६७ मीटर उंच असून राज्यातील सर्वांत उंच किल्ला आहे. शिखरांमध्ये कळसूबाईनंतर त्याचाच क्रम लागतो. तरीही नाशिक जिल्ह्याच्या बागलाण भागातील हा डोंगर पुण्या-मुंबईपासून दूर असल्यामुळे आडवारी तेथे माणूस क्वचितच भेटतो. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात साल्हेरही आहे, त्यामुळे ही शांतता किती काळ टिकेल याची काळजी वाटते.

आम्ही ताहाराबाद-मुल्हेर मार्गे आदल्या संध्याकाळी गावात पोहोचलो. पहाटे बोचरी थंडी आणि दहानंतर अंगावर येणारे ऊन, असे या दिवसांचे हवामान असते. म्हणून उजाडण्यापूर्वीच निघायचे, हे वाटाड्याने फोनवरच बजावले होते आणि ठरल्या वेळी तो स्वतः दारात उभा होता. साल्हेर आणि शेजारचा सालोटा किल्ला यांच्यामधल्या खिंडीपर्यंतचा चढ त्याने अतिशय संथ चालीने नेला. वयस्क मंडळींना मागे न ठेवता तो त्यांच्या पुढे दोन पावले राही आणि थांबायचे ते सावली पाहूनच थांबे. पायथ्याच्या रानात पळस फुलला होता, वर मात्र गवत पूर्ण वाळलेले होते. अशा गवतावर विडीची एक ठिणगीही पडता कामा नये, हे त्याने गटातल्या एकाला काडी पेटवण्याआधीच ठामपणे सांगितले, याचे मला फार समाधान वाटले.

खिंडीनंतर कातळात कोरलेल्या पायऱ्या आणि एकामागून एक दरवाजे लागतात. येथे या सेवेचे खरे मोल कळते. काही पायऱ्या झिजून त्यांची कड गोल झाली आहे आणि त्यावर मुरमाची बारीक खडी साचलेली असते. वाटाड्याने वाकून हाताने ती खडी बाजूला सारली, पाऊल आडवे कसे टेकवायचे ते करून दाखवले आणि प्रत्येक जण पुढे सरकेपर्यंत तो दरीच्या बाजूला उभा राहिला. समोर सालोट्याचा कातळकडा पूर्ण उघडा दिसत असतो. पण तिकडे पाहायचे ते थांबूनच, चालता चालता नाही, अशी त्याची शिस्त होती.

गंगासागर तलावापाशी पोहोचल्यावर त्याने थेट शिखराकडे न नेता वरच्या गुहांच्या सावलीत अर्धा तास बसवले, ते योग्यच झाले. शेवटचा चढ लहान असला तरी अंगावरचा आहे. माथ्यावर परशुरामाचे छोटे मंदिर आहे. परशुरामाने येथूनच बाण सोडून समुद्र मागे हटवला आणि कोकण निर्माण केले, अशी कथा सांगितली जाते. मांगी-तुंगीचे सुळके आणि मुल्हेर, मोरा व हरगड ही किल्ल्यांची त्रयी त्याने एकेक बोट दाखवून ओळखवली. १६७२ साली मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांच्या फौजांनी मोगलांचा ज्या खुल्या रणात पराभव केला आणि जेथे मराठ्यांचे सरदार सूर्याजी काकडे धारातीर्थी पडले, त्या लढाईविषयी तो मोजकेच बोलला. पदरचे काही न घालता सांगणारा वाटाड्या मिळणे ही गडांवर दुर्मीळ गोष्ट झाली आहे. नंतर तो बाजूला जाऊन बसला आणि आम्हाला वाटेल तितका वेळ त्याने माथ्यावर बसू दिले.

गावात परतल्यावर मिळालेले जेवण या सेवेतील सर्वांत उजवी बाजू ठरावे. नागलीची भाकरी तव्यावरून काढून निखाऱ्याला टेकवली की टम्म फुगत होती, आणि तशीच ताटात येत होती. सोबत सालीसकट उडदाची घट्ट डाळ, पाट्यावर वाटलेला लसूण-मिरचीचा ठेचा आणि कच्चा कांदा होता. वाढणाऱ्या मावशींनी कोणालाही अर्धपोटी उठू दिले नाही.

दोन उणिवा मात्र सांगायलाच हव्यात. वाटाड्याजवळ प्रथमोपचाराचे काहीही सामान नव्हते. सोबतच्या एकाचा घोटा उतारावर मुरगळला तेव्हा आमच्याच पिशवीतील पट्टी वापरावी लागली. एवढ्या उंच आणि एकाकी डोंगरावर हे चालण्यासारखे नाही. दुसरे म्हणजे जेवणाचा आणि वाट दाखवण्याचा दर आधी वेगवेगळा सांगितला गेला नाही, त्यामुळे शेवटी हिशेब करताना दोन्ही बाजूंना संकोच झाला. पुढे जाणाऱ्यांनी दर फोनवरच ठरवून घ्यावा, प्रत्येकी किमान तीन लिटर पाणी घ्यावे आणि तलावाच्या पाण्यावर विसंबू नये. होळीनंतर मात्र उन्हाचा कडाका पाहून हा वाटाड्या स्वतःच दिवसाच्या चढाईला नकार देतो. तेव्हा त्याला आग्रह करू नये.