ओपनरीराइट: जावा ८ वरून बूट ३ ला जाताना कितपत कामाचं?

जावाच्या स्प्रिंग बूट या फ्रेमवर्कच्या २.७ आवृत्तीचा मोफत सपोर्ट नोव्हेंबर २०२३ मध्येच संपला, तरी बँका आणि विमा कंपन्यांच्या कोडमध्ये तो अजून सुखाने नांदतोय. बूट ३ ला किमान जावा १७ लागतं, शिवाय 'जावॅक्स' नावाने सुरू होणारी बरीच पॅकेजं 'जकार्ता' नावाने सुरू होतात. या कामासाठी ओपनरीराइट, म्हणजे कोडमधले असे बदल आपोआप करणारं टूल, घ्यावं का? घ्यावं. पण त्याच्या भरवशावर एस्टिमेट देऊ नये.

साध्या फाइंड-रिप्लेसपेक्षा हे टूल सरस ठरतं, कारण ते कोड टाइपच्या माहितीसकट वाचतं. पर्सिस्टन्स आणि सर्व्हलेट जकार्तात जातात. पण डेटासोर्स ज्या जावॅक्स एसक्यूएल पॅकेजमध्ये आहे ते जेडीकेचं, ते जागचं हलत नाही. सरसकट रिप्लेस मारणाऱ्यांचा बिल्ड नेमका इथेच कोसळतो. फॉरमॅटिंगला हात लागत नाही, त्यामुळे डिफ वाचता येतो.

ओपनरीराइटचा मेव्हन (जावाचं बिल्ड टूल) प्लगइन पॉममध्ये, म्हणजे मेव्हनच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये, न घालता कमांड लाइनवरूनही चालतो. आधी ड्राय रन (कोड न बदलता चाचणी) करा, टार्गेट फोल्डरमध्ये पॅच फाइल मिळते. रेसिपीचं (ठरावीक बदलांच्या तयार संचाचं) व्हर्जन पक्कं लिहा. 'लेटेस्ट' ठेवलं तर आजचा आणि पुढच्या आठवड्याचा पॅच वेगळा येऊ शकतो. प्रोजेक्ट आधी कंपाइल व्हायलाच हवा, कारण टाइप सापडला नाही की रेसिपी तो भाग गुपचूप सोडून देते. मॉड्यूल जास्त असतील तर मेव्हनची हीप वाढवा, नाहीतर आउट ऑफ मेमरी ठरलेलं. बूट ३ ची रेसिपी २.७ आणि जावा १७ चे बदलही सोबत आणते. तरीही आधी २.७ वर थांबून वेगळा कमिट करणं शहाणपणाचं.

सिक्युरिटी कॉन्फिगरेशन साधं असेल तर ते नीट बदलतं. गुंतागुंतीचं असेल तर 'हाताने करा' असा शेरा कोडमध्येच सोडतं, तो शोधून काढा. यूआरएलच्या नियमांचा क्रम मात्र माणसानेच वाचावा.

आता टूलच्या हाताबाहेरचं. रेसिपी त्या रेपॉझिटरीतला सोर्स बदलते, जारमधला (तयार कंपाइल केलेल्या लायब्ररीतला) नाही. कंपनीच्या कॉमन जारमध्ये जावॅक्सचा सर्व्हलेट फिल्टर असेल तर अॅप्लिकेशन क्लास सापडत नाही म्हणून पडतं. त्याहून वाईट म्हणजे इन-हाउस स्टार्टर (कंपनीची सेटिंग्ज आपोआप जोडणारी लायब्ररी): त्याचं ऑटो-कॉन्फिगरेशन अजून स्प्रिंग फॅक्टरीज फाइलमध्ये असेल तर बूट ३ ते वाचतच नाही, एररही देत नाही. म्हणून कॉमन जार आधी, सर्व्हिसेस नंतर.

बूट ३ सोबत येणाऱ्या हायबरनेट ६ चा (जावा ऑब्जेक्ट डेटाबेसमध्ये साठवणाऱ्या लायब्ररीचा) फटका सगळ्यात उशिरा कळतो. आयडी जनरेशन 'ऑटो' असेल तर हायबरनेट ५ एकच सामायिक 'हायबरनेट सीक्वेन्स' (आयडी देणारा डेटाबेसमधला काउंटर) वापरायचं. ६ प्रत्येक एंटिटीसाठी वेगळा सीक्वेन्स शोधतं, ५० च्या टप्प्याने वाढणारा. कोड कंपाइल होतो, रिकाम्या एच-टू (टेस्टसाठी वापरला जाणारा छोटा डेटाबेस) वरच्या टेस्टही हिरव्या. डेटा असलेल्या डेटाबेसवर स्कीमा 'व्हॅलिडेट'वर असेल तर अॅप्लिकेशन सुरूच होत नाही, आणि 'अपडेट'वर असेल तर नवा सीक्वेन्स १ पासून सुरू होतो व पहिल्याच इन्सर्टला डुप्लिकेट प्रायमरी की. नेमिंग स्ट्रॅटेजी 'लेगसी' करून जुनं नाव परत मिळतं. इन्क्रिमेंट जुळतंय का ते डेटाबेसमध्ये जाऊन पाहा. टेस्टही खऱ्या डेटाबेसच्या प्रतीवर चालवा.

बूट ३.२ पासून आणखी एक खोच आहे. बूटचा पॅरेंट पॉम न वापरणाऱ्या प्रोजेक्टमध्ये कंपायलरला 'पॅरामीटर्स' फ्लॅग दिला नसेल, तर नाव न लिहिलेला पाथ व्हेरिएबल (यूआरएलमधून येणारी किंमत) पहिल्या रिक्वेस्टला एरर देतो. कंपाइल करताना काहीच कळत नाही.

रेझ्युमेवर 'बूट ३ मायग्रेशन' लिहिणाऱ्यांनी एवढं पाठ न करता एकदा स्वतः चालवून बघावं. अनुभवी इंटरव्ह्यूअर इम्पोर्ट कसे बदलले हे विचारत नाही, सीक्वेन्सचं काय झालं हे विचारतो.

लायसन्सचं म्हणाल तर गाभा अपाची २.० खाली आहे, पण काही रेसिपी मॉडर्न कंपनीच्या वेगळ्या लायसन्सखाली येतात. क्लायंटसाठी मायग्रेशन करणाऱ्यांनी ते लीगलकडून आधीच तपासून घ्यावं. आणि चार-पाच कंट्रोलरची एकच छोटी सर्व्हिस असेल तर हा सगळा व्याप नको. इंटेलिजेमधलं पॅकेज मायग्रेशन पुरतं.