व्हाइट रिस्क : धोक्याच्या आकड्यापलीकडे वाचायचे ॲप

स्वित्झर्लंडमधील दाव्होस येथील हिम व हिमस्खलन संशोधन संस्थेचे, म्हणजे एसएलएफचे, ‘व्हाइट रिस्क’ हे मोफत ॲप हिवाळ्यात आल्प्समध्ये आखलेल्या वाटा सोडून हिंडणाऱ्या प्रत्येकाच्या फोनवर असायला हवे. मात्र ते उघडून केवळ हिमस्खलनाच्या धोक्याचा आकडा पाहणाऱ्याच्या पदरी त्यातले फारसे काही पडणार नाही.

हिवाळ्यात रोज सायंकाळी पाचला त्यावर धोक्याचा अंदाज सांगणारे बुलेटिन येते आणि सकाळी आठला ते अद्ययावत होते. धोक्याच्या पातळ्या 1 ते 5 आहेत. त्यातली 3 ही मधली, म्हणजे बेताची, असा नवख्यांचा समज होतो आणि तो घातक आहे, कारण स्वित्झर्लंडमधील हिमस्खलनाचे सुमारे निम्मे बळी याच पातळीच्या दिवसांत जातात.

खरा ऐवज आकड्याखाली आहे. तेथे दिशादर्शक चकतीवर धोक्याच्या दिशांचा भाग काळा केलेला असतो आणि शेजारी उंची दिलेली असते; उदाहरणार्थ, वायव्येपासून पूर्वेपर्यंतचे, 2200 मीटरच्या वरचे उतार. त्याखाली धोक्याचे कारण येते : नवा बर्फ, वाऱ्याने आणून साठवलेला बर्फ, जुन्या बर्फातील कमकुवत थर, ओला बर्फ किंवा घसरता बर्फ. माझ्या मते हा मजकूर सर्वांत मोलाचा आहे, कारण वाऱ्याने साठलेला बर्फ सरावलेल्या डोळ्याला बहुधा ओळखू येतो, पण खोलवर दडलेला साखरेसारखा सुटा थर वरून मुळीच दिसत नाही आणि पायाखाली ‘धप्प’ असा आवाज होऊन बर्फ खचेपर्यंत त्याचा पत्ताही लागत नाही.

नकाशावर 30 अंशांहून तीव्र उतार रंगवून पाहता येतात, कारण माणसाच्या भाराने सुटणारी, अख्खा थर लादीसारखा घसरणारी हिमस्खलने प्रामुख्याने अशाच उतारांवर सुरू होतात. तरीही रंग नसलेली जागा सुरक्षितच असेल असे नाही. वरून सुटलेला बर्फ खालच्या सपाटीवर पोहोचू शकतो आणि लहानसा तीव्र टप्पा नकाशातून निसटू शकतो.

आपल्याकडे चंडीगडच्या डीजीआरई या डीआरडीओच्या संशोधन संस्थेचे हिमस्खलनाबाबतचे जम्मू-काश्मीरसाठीचे इशारे बातम्यांतून पोहोचतात ते बहुधा जिल्हा, उंची आणि पातळी एवढ्यापुरते. त्यामुळे गुलमर्गला अफरवटच्या उतारांवर स्कीइंग करू इच्छिणाऱ्या मराठी पर्यटकाने तेथील स्की पेट्रोलला, म्हणजे उतारांवर गस्त घालणाऱ्या पथकाला, विचारल्यावाचून गोंडोलाच्या, म्हणजे तेथील केबल कारच्या, दुसऱ्या टप्प्यावरून खाली उतरू नये.

व्हाइट रिस्कचे बुलेटिन जर्मन, फ्रेंच, इटालियन आणि इंग्रजीत मिळते. त्यातील वाक्ये ठरावीक साच्यातली असल्यामुळे वाचन रुक्ष होते, पण कालच्या आणि आजच्या मजकुरातला फरक त्यामुळेच झटकन नजरेत भरतो. बुलेटिन एका विभागापुरते असते, समोरच्या एका उताराचा निर्वाळा ते देत नाही, हे ध्यानात ठेवून ते आदल्या संध्याकाळी घरीच वाचावे. कडाक्याच्या थंडीत फोनची बॅटरी लवकर उतरते आणि कित्येक दऱ्यांत नेटवर्क मिळत नाही.