'न्यूरॉन' सॉफ्टवेअर: पोटॅशियम चॅनलच्या प्रात्यक्षिकासाठी कितपत उपयोगी?

चेतापेशींच्या गणिती प्रतिकृती चालवणारे, येल विद्यापीठात वाढलेले 'न्यूरॉन' हे सॉफ्टवेअर मोफत मिळते. पोटॅशियम चॅनल (पेशीपटलातले, पोटॅशियम आयनांना वाट देणारे प्रथिनाचे दार) उघडल्यावर निष्क्रिय कसे होते, म्हणजे व्होल्टेज तसेच असूनही प्रवाह कसा थांबतो, आणि पूर्ववत कसे होते, हे विद्यार्थ्यांना दाखवण्यापुरतेच मी ते वापरले, त्यामुळे हे परीक्षणही तेवढ्यापुरतेच आहे.

त्यातले तयार पोटॅशियम चॅनल निष्क्रिय होतच नाही. हा दोष सॉफ्टवेअरचा नव्हे. हॉजकिन आणि हक्सली यांनी १९५२ साली स्क्विड या समुद्री प्राण्याच्या अक्षतंतूवरून (चेतापेशीच्या लांब तंतूवरून) मांडलेल्या समीकरणांत निष्क्रियता फक्त सोडियमला आहे, आणि तीच समीकरणे येथे ६.३ अंश सेल्सिअस या मूळ तापमानासह येतात. झटपट निष्क्रिय होणारा 'ए' नावाचा पोटॅशियम प्रवाह हवा असेल, तर चॅनलचे वर्णन स्वतः लिहून कंपाइल करावे लागते. नवख्याची पहिली दमछाक येथेच होते.

मात्र खरी किंमत वसूल होते तीही येथेच. होशी, झागोटा आणि ऑल्ड्रिच यांनी १९९० साली दाखवले, की फळमाशीच्या 'शेकर' या पोटॅशियम चॅनलचे अमिनो टोक (प्रथिन-साखळीचे सुरुवातीचे टोक) छाटले तर जलद निष्क्रियता नाहीशी होते आणि तोच तुकडा पेशीच्या आतल्या बाजूने पुरवला की ती परतते. म्हणजे हे टोक साखळीला बांधलेल्या गोळ्यासारखे उघड्या छिद्रात अडकते. 'न्यूरॉन'साठी लिहायच्या चॅनल-वर्णनातल्या 'कायनेटिक' विभागात बंद, उघडी आणि अडलेली अशा अवस्था जशाच्या तशा लिहिता येतात. गोळा निघताना चॅनल क्षणभर उघडे राहते, हेही मग पडद्यावर दिसते. स्वतंत्र निष्क्रियता-चलक (चॅनल उघडण्याशी न जोडलेली निष्क्रियतेची राशी) वापरणाऱ्या सोप्या समीकरणांत ते दिसत नाही. बाहेरचे पोटॅशियम वाढले की गोळा लवकर सुटतो, तर छिद्राच्या बाह्य तोंडाशी घडणारी संथ 'सी' निष्क्रियता उलट मंदावते. हा विरोधही अवस्था बदलण्याचे दर पोटॅशियमच्या बाहेरच्या संहतीवर (प्रमाणावर) अवलंबून ठेवून मांडता येतो, फक्त ते दर आपणच पुरवायचे.

पूर्ववत होण्याचा वेग मोजायला व्होल्टेजच्या दोन स्पंदांमधले अंतर बदलत न्यावे लागते. तयार व्होल्टेज क्लॅम्पला (पेशीचे व्होल्टेज ठरवलेल्या पातळीवर धरणाऱ्या साधनाला) मात्र तीनच पायऱ्या आहेत, त्यामुळे उणे ९० मिलिव्होल्टचा आरंभीचा टप्पा धरला की दुसऱ्या स्पंदाला जागा उरत नाही. उपाय आहे: व्होल्टेजची मालिका व्हेक्टरमधून (आकड्यांच्या यादीतून) 'वाजवायची', म्हणजे क्लॅम्पला क्रमाने पुरवायची. ही युक्ती तयार उदाहरणासह हाताशी असायला हवी होती. पायथन येणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला मी हे सॉफ्टवेअर निःसंकोच सुचवीन. बारावीच्या वर्गासाठी मात्र फळ्यावरची आकृतीच बरी.