ठोसेघर की भांबवलीचा वजराई?

पावसाळ्यात साताऱ्यास एकच दिवस हाताशी असलेल्या आणि सोबत वयस्कर आई-वडील असणाऱ्या एका स्नेह्यांना या दोहोंपैकी एक धबधबा निवडायचा होता.

अंतराचा फरक नगण्य आहे. दोन्ही ठिकाणे शहरापासून तासाभराच्या आसपास आहेत आणि खर्चही मुख्यतः गाडीचाच. खरा प्रश्न चालण्याचा आहे. ठोसेघरला वाहनतळापासून थोड्या पायवाटेने कठडे असलेल्या सज्ज्यावर पोहोचता येते, आणि समोरच्या दरीत कोसळणारे तारळी नदीचे पाणी तेथूनच दिसते. वजराईसाठी मात्र गाडी सोडून रानातल्या निसरड्या वाटेने जावे लागते. मोज्यांवर चढणाऱ्या जळवा मिठाने किंवा तंबाखूच्या पाण्याने आवराव्या लागतात, ही तयारी शहरी माणसे हमखास विसरतात.

देखाव्यात वजराई सरस, हे मान्य करावेच लागेल: तीन टप्प्यांत उतरणाऱ्या त्या धारेची उंची सुमारे ५६० मीटर सांगितली जाते. धुके मात्र दोन्हीकडे सारखेच बेभरवशाचे असून, ऐन जुलैत नुसता आवाज ऐकून परतावे लागते.

जोडीला ठोसेघरच्या वाटेवर सज्जनगड आणि पुढे चाळकेवाडीच्या पवनचक्क्या आहेत, तर वजराईजवळ कासचे पठार. त्याच्या फुलांसाठी सप्टेंबर गाठावा.

वयस्कर मंडळी किंवा लहान मुले असतील, तर ठोसेघरच. पाय धड असणाऱ्या आणि चिखलाला न कंटाळणाऱ्यांनी सप्टेंबरात वजराई आणि कास एकत्र करावे.